नाव द्यावे की ताबा? : फाइल डिस्क्रिप्टरच्या हस्तांतराविषयी एक संवाद

युनिक्स परंपरेतील कार्यप्रणालीत एखादी प्रोसेस, म्हणजे चालू स्थितीतील प्रोग्राम, जेव्हा फाइल उघडते तेव्हा कर्नेल तिच्या हाती फाइल देत नाही. एक लहानसा पूर्णांक देते आणि त्यालाच फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. पुढचे वाचन, लेखन आणि फाइल बंद करणे ही सारी कामे त्या अंकाच्या आधारे होतात व फाइलीचे नाव पुन्हा विचारले जात नाही. ०, १ आणि २ हे अंक प्रमाण इनपुट, प्रमाण आउटपुट आणि त्रुटी-संदेश यांच्याकडे आधीच गेलेले असल्याने नव्याने उघडलेल्या पहिल्या फाइलीला बहुधा ३ हा अंक मिळतो. अंक क्षुल्लक असला तरी त्याच्यामागची व्यवस्था तीन पातळ्यांची आहे. प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा एक तक्ता असतो आणि डिस्क्रिप्टर हा त्या तक्त्यातील घराचा क्रमांक असतो, त्या घरात कर्नेलने सांभाळलेल्या ‘उघड्या फाइलीच्या नोंदी’चा दुवा असतो, आणि त्या नोंदीत फाइल वाचण्यासाठी उघडली की लिहिण्यासाठी, वाचन कोठवर आले आहे आणि नोंदीला किती जणांनी धरून ठेवले आहे एवढा तपशील असून तिच्यातून पुढे डिस्कवरील फाइलीच्या मूळ वर्णनाकडे, म्हणजे आयनोडकडे, वाट जाते.

परवानगीची तपासणी मात्र एकदाच, उघडण्याच्या क्षणी, होते. त्यानंतर मालकाने परवानगी काढून घेतली, फाइलीचे नाव बदलले किंवा ते पुसूनच टाकले, तरी आधी उघडलेला डिस्क्रिप्टर पूर्वीप्रमाणेच चालतो. डिस्क्रिप्टर हा फाइलीचा पत्ता नसून ताबा आहे, असे यावरून म्हणता येते. हा ताबा अपत्य-प्रोसेसला वारशाने मिळतो ही गोष्ट युनिक्समध्ये पहिल्यापासून होती. परंतु ज्यांचे एकमेकींशी जनक-अपत्याचे नाते नाही अशा दोन प्रोसेसमध्ये तो एकीने दुसरीला द्यावा की नाही, आणि दिल्यास त्याची किंमत कोणी मोजावी, हा वेगळा प्रश्न आहे.

अशा हस्तांतराची सोय नवी नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसमधील संवादाची टोके, आली आणि त्यांच्याबरोबरच संदेशाला ‘प्रवेशाधिकार’ जोडून पाठवण्याची सोयही आली. ‘एससीएम राइट्स’ या नावाने आज ओळखले जाणारे तिचे रूप १९९० च्या ४.३ बीएसडी रेनो या आवृत्तीत घडले. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत आणि एटी अँड टीच्या सिस्टम फाइव्हमध्येही याच कामाचे वेगळे मार्ग होते.

प्रत्यक्षात घडते ते असे. पाठवणारी प्रोसेस एका यंत्रापुरत्या मर्यादित असलेल्या युनिक्स सॉकेटवर ‘सेंडएमएसजी’ हा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नेलला केलेली विनंती, करते आणि सोबतच्या नियंत्रण-मजकुरात, समजा, ७ हा अंक लिहिते. कर्नेल तो अंक जसाच्या तसा पुढे ढकलत नाही, कारण ७ या अंकाला दुसऱ्या प्रोसेसच्या तक्त्यात काही अर्थ नाही किंवा भलताच अर्थ आहे. ते पाठवणारीच्या तक्त्यातील सातव्या घरातून उघड्या फाइलीची नोंद शोधते, त्या नोंदीच्या धारकांची संख्या एकाने वाढवते आणि नोंदीचा दुवा संदेशात ठेवून तो घेणाऱ्या सॉकेटच्या रांगेत लावते. घेणारी प्रोसेस ‘रिसीव्हएमएसजी’ म्हणते तेव्हा तिच्या तक्त्यातील सर्वांत लहान मोकळे घर, समजा चौथे, शोधून तेथे तो दुवा बसवला जातो आणि तिला ४ हा अंक कळवला जातो. पाठवणारीने मधल्या काळात आपला ७ बंद केला तरी बिघडत नाही, कारण वाटेतला संदेश स्वतःच एक धारक असतो. पुढच्या वादाचा बराचसा भाग या शेवटच्या वाक्यात दडलेला आहे.

या सोयीविषयीची दोन मते मांडण्यासाठी येथे दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत. एक, कार्यप्रणाली हा विषय दीर्घकाळ शिकवलेले प्राध्यापक, ज्यांना अधिकार दिसावा आणि परत घेता यावा असे वाटते. दुसरी, सर्व्हरचे प्रोग्राम लिहिणारी एक अभियंता, जिला नावांपेक्षा ताब्यावर अधिक भरवसा आहे.

अभियंता : सर, नावावर विसंबण्यात काय धोका आहे हे नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका छोट्या टिपणात दाखवून दिले होते. टाइमशेअर कंपनीच्या यंत्रावर एक कंपायलर होता आणि त्याला स्वतःच्या वापराची आकडेवारी एका खास डिरेक्टरीत लिहायची असल्याने त्या डिरेक्टरीत लिहिण्याचा जादा अधिकार देण्यात आला होता. ग्राहकाने कंपायलरला दोषनिवारणाची माहिती कोणत्या फाइलीत लिहायची ते नाव द्यायचे, अशी रीत होती. एका ग्राहकाने त्याच डिरेक्टरीतील बिलांच्या फाइलीचे नाव दिले आणि कंपायलरने ती फाइल आपल्या अधिकाराने उघडून बिलांची माहिती नष्ट केली. कंपायलरमध्ये चूक नव्हती, परवानग्यांमध्येही नव्हती. नाव एकाने दिले आणि अधिकार दुसऱ्याचा वापरला गेला, एवढेच घडले. हार्डी यांनी अशा प्रोग्रामला गोंधळलेला मुखत्यार म्हटले आहे. ग्राहकाने नावाऐवजी स्वतः उघडलेला डिस्क्रिप्टर दिला असता, तर बिलांची फाइल उघडण्याचा प्रयत्न ग्राहकाच्याच अधिकारावर अडला असता आणि कंपायलरला काही ठरवावे लागले नसते.

प्राध्यापक : हार्डी यांचे निदान मान्य आहे, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय आणि युनिक्सची ही सोय एकच आहेत असे तुम्ही गृहीत धरत आहात. जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ज्या अधिकार-पद्धतीत हार्डी वावरत होते, तिच्यात कोणत्याही वस्तूपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्गच नसतो. युनिक्समध्ये नावांचा मार्ग तसाच उघडा राहिला आणि शेजारी ताब्याचा दुसरा मार्ग काढला गेला. लिनक्सवर याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. केवळ वाचण्यासाठी उघडलेला डिस्क्रिप्टर कोणाला दिला, तर घेणारी प्रोसेस ‘प्रोक’ या आभासी फाइलप्रणालीत त्या डिस्क्रिप्टरचे घर शोधून तेथून तीच फाइल नव्याने, लिहिण्यासाठी, उघडण्याचा प्रयत्न करू शकते आणि फाइलीवरील परवानग्या आड आल्या नाहीत तर तो सफल होतो. देणाऱ्याला वाटते की फक्त वाचनाचा अधिकार दिला. प्रत्यक्षात काय दिले ते घेणाऱ्याच्या इतर अधिकारांवर ठरते.

अभियंता : हा दोष लिनक्सच्या ‘प्रोक’चा आहे, हस्तांतराचा नव्हे. फ्रीबीएसडीमधील कॅप्सिकम या योजनेने दोन्ही मार्ग वेगळे करून दाखवले आहेत. रॉबर्ट वॉट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती मांडली, आणि तिच्यात प्रोसेस एकदा अधिकार-अवस्थेत शिरली की नावाने जागतिक पातळीवरचे काहीच तिला उघडता येत नाही. हाती असलेले आणि नंतर कोणी पाठवलेले डिस्क्रिप्टर एवढेच तिचे जग राहते. शिवाय डिस्क्रिप्टर देण्यापूर्वी त्यातील अधिकार एकेक करून कमीही करता येतात.

प्राध्यापक : म्हणजे सोय सुरक्षित होण्यासाठी आणखी एक योजना लागली आणि तीही सोय आल्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने.

हा टोला खोचक असला तरी अन्यायकारक नाही. मात्र पाव शतकाच्या त्या मधल्या काळातही जुनी साधी सोय निरुपयोगी नव्हती, हे ओपनएसएसएचच्या इतिहासावरून दिसते आणि अभियंतेचा पुढचा युक्तिवाद तोच आहे.

अभियंता : दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या सर्व्हरमध्ये नील्स प्रोवोस यांनी २००२ मध्ये अधिकार-विभाजन आणले. त्यापूर्वी जाळ्यावरून येणारा प्रत्येक बाइट उलगडण्याचे काम मूळ प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालणारी प्रोसेस करत असे आणि त्या कोडातील एका चुकीने सारे यंत्र परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होते. प्रोवोस यांनी सर्व्हरचे दोन भाग केले. बाहेरच्या जगाशी बोलणारा मोठा भाग अधिकारहीन ठेवला आणि रूटचा अधिकार असलेला लहानसा देखरेख-भाग मागे ठेवून त्याला मोजक्याच विनंत्यांना उत्तर देण्याची मुभा दिली. आता प्रवेश मिळालेल्या माणसासाठी आभासी टर्मिनल तयार करायचे तर त्या टर्मिनलची मालकी बदलावी लागते आणि तो अधिकार रूटचा. देखरेख-भाग टर्मिनल तयार करतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून अधिकारहीन भागाला पाठवतो. रूटचा अधिकार सॉकेट ओलांडत नाही. त्या अधिकाराने केलेल्या कामाचे फळ तेवढे ओलांडते. नावांच्या मार्गाने हे कसे करावे याचे तितके सरळ उत्तर सापडत नाही.

प्राध्यापक : हे उदाहरण पटण्यासारखे आहे, पण ते कशामुळे पटते तेही पाहिले पाहिजे. दोन्ही भाग एकाच लेखकाने लिहिलेले, एकाच सर्व्हरचे; काय येणार हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि पाठवणाऱ्याचे हेतू संशयास्पद नसतात. जेथे दोन टोके परकी असतात तेथील गोष्ट निराळी आहे. वेलँड या चित्रप्रदर्शनाच्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्राम आपल्या खिडकीचे चित्र सामाईक स्मृतीत काढतो आणि त्या स्मृतीचा डिस्क्रिप्टर पडद्याची मांडणी करणाऱ्या कंपोझिटरला देतो. कंपोझिटर ती स्मृती आपल्या पत्त्यांमध्ये जोडून घेऊन वाचू लागतो. त्याच क्षणी प्रोग्रामने ती सामाईक फाइल छाटून शून्य लांबीची केली तर? वाचणाऱ्याच्या पायाखालची पानेच नाहीशी होतात, कर्नेल त्याला ‘सिगबस’ हा घातक संकेत पाठवते आणि एका खोडसाळ खिडकीमुळे सगळा पडदा कोसळू शकतो. ताबा दिला असे म्हणावे, तर देणाऱ्याने तो सोडलेला नसतो.

अभियंता : म्हणूनच २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१७ आवृत्तीत ‘मेमएफडी’ आणि त्याच्यावरचे सील आले. स्मृतीची नाव नसलेली फाइल तयार करायची, तिच्यात मजकूर भरायचा, ती यापुढे छाटता येणार नाही किंवा बदलता येणार नाही असे सील लावायचे आणि मगच डिस्क्रिप्टर पाठवायचा. घेणाऱ्याने वाचण्यापूर्वी सील तपासायचे. लावलेले सील लावणाऱ्यालाही काढता येत नाही.

प्राध्यापक : आणि सील नसेल तर?

अभियंता : तर घेणाऱ्याने तो नाकारावा किंवा ‘सिगबस’ झेलण्याची तयारी ठेवावी. वेलँडच्या लायब्ररीत ती तयारी आहे.

येथे दोघांच्या बोलण्यात न आलेली एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वेलँडमध्ये एका खिडकीतून मजकूर कॉपी करून दुसऱ्या खिडकीत चिकटवणे या रोजच्या क्रियेतही डिस्क्रिप्टरच फिरतो : मजकूर हवा असलेला प्रोग्राम एक पाइप, म्हणजे एका बाजूने ओतून दुसऱ्या बाजूने घ्यायची नळी, तयार करतो, तिचे लिहिण्याचे टोक कंपोझिटरमार्फत मूळ प्रोग्रामकडे धाडतो आणि मजकूर त्या नळीतून कंपोझिटरला न शिवता थेट येतो. ही सोय अपवादात्मक किंवा जुनाट आहे असा समज कोणाचा असेल, तर तो सोडलेला बरा.

प्राध्यापक : छाटण्याचा प्रश्न सुटला असे धरू. ताब्याची वाटणी मात्र सुटत नाही, कारण दोन प्रोसेसना मिळते ती फाइल नव्हे, उघड्या फाइलीची एकच नोंद. एकीने शंभर बाइट वाचले की दुसरीची वाचनाची जागाही शंभराने पुढे सरकते. एकीने ‘थांबू नये’ अशी खूण लावली, म्हणजे मजकूर नसेल तर वाट न पाहता परतावे असे सांगितले, की दुसरीच्या वाचनालाही अकस्मात तोच नियम लागू होतो. त्याहून विचित्र प्रकार लिनक्सच्या ‘ईपोल’चा आहे. अनेक डिस्क्रिप्टरवर एकाच वेळी नजर ठेवणारी ही यंत्रणा. तिच्यात नोंदवलेला डिस्क्रिप्टर प्रोसेसने बंद केला, पण त्याची प्रत दुसरीकडे जिवंत असेल, तर बंद केलेल्या अंकाच्या नावाने सूचना येतच राहतात आणि तो अंक आता हाती नसल्याने नोंदणी रद्दही करता येत नाही.

अभियंता : त्यातले पहिले दोन्ही परिणाम वारशाने मिळालेल्या डिस्क्रिप्टरलाही लागू आहेत, शेलमध्ये दोन आज्ञांचे आउटपुट एकाच फाइलीत एकापुढे एक बरोबर लागते ते त्या सामाईक जागेमुळेच. खरा प्रश्न ओळखीचा आहे, सर. रेल्वेच्या आरक्षणावर नाव असते आणि तपासनीस ओळखपत्र मागतो. एसटीत मात्र ज्याच्या हाती तिकीट तो प्रवासी, आणि वाहकाला नाव विचारावे लागत नाही. दोन्ही पद्धती चालतात. पुत्रासाठी आईने काढलेले तिकीट त्याने दाखवले तर एसटीचे काही बिघडत नाही.

प्राध्यापक : एसटीचे तिकीट थांब्यापुरते असते आणि उतरल्यावर संपते, डिस्क्रिप्टरला थांबा नाही. देणाऱ्याला तो परत मागता येत नाही, आणि घेणाऱ्याने तो तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला दिला तर मूळ मालकाला त्याची वार्ताही लागत नाही. वाटेत असलेला डिस्क्रिप्टर तर कोणाच्याच तक्त्यात दिसत नाही. उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’सारखी साधने प्रोसेसचे तक्ते पाहतात, रांगेत अडकलेल्या संदेशातील फाइल त्यांना सापडत नाही, आणि प्रशासक डिस्क काढू पाहतो तेव्हा ती वापरात आहे एवढेच उत्तर त्याला मिळते. याच आडोशाचा फायदा घेऊन प्रोसेसला तिच्यासाठी ठरवलेली डिस्क्रिप्टरची मर्यादाही ओलांडता येत असे : उघडायचे, रांगेत ठेवायचे, आपला अंक बंद करायचा आणि पुन्हा उघडायचे. वाटेतले डिस्क्रिप्टर वापरकर्त्याच्या खात्यावर मोजण्याची दुरुस्ती लिनक्समध्ये २०१६ मध्ये झाली.

यानंतर प्राध्यापक ज्या मुद्द्याकडे वळतात तो या वादातील सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि त्याला थोडी सविस्तर जागा द्यावी लागते, कारण बहुतेक प्रोग्रामरांच्या तो दृष्टीसही पडत नाही.

प्राध्यापक : कल्पना करा की एका प्रोसेसने एकमेकांना जोडलेली दोन युनिक्स सॉकेटे तयार केली, क आणि ख. क वर लिहिलेले ख च्या रांगेत जाते आणि ख वर लिहिलेले क च्या. आता सॉकेट हाही डिस्क्रिप्टरच असल्याने तोही पाठवता येतो. प्रोसेसने क वरून क पाठवले, ते ख च्या रांगेत जाऊन बसले. ख वरून ख पाठवले, ते क च्या रांगेत बसले. मग तिने दोन्ही अंक बंद केले आणि ती संपली. क ला आता ख ची रांग धरून आहे आणि ख ला क ची. दोघांच्याही धारकांची संख्या एक आहे, म्हणून कर्नेल दोघांनाही मुक्त करत नाही. आणि जगातील कोणतीही प्रोसेस त्या रांगा आता वाचू शकत नाही. धारक मोजून स्मृती मोकळी करण्याच्या पद्धतीत अशी चक्रे कधीच सुटत नाहीत. परिणामी लिनक्सच्या कर्नेलला, जे एरवी असल्या कामापासून दूर राहते, केवळ या एका सोयीसाठी कचरा-संकलक बाळगावा लागला.

अभियंता : त्याची पद्धत मात्र अवघड नाही. प्रत्येक सॉकेटचे एकूण धारक किती आणि त्यांपैकी वाटेतल्या संदेशांतले किती, हे दोन आकडे पाहायचे. ते समान असतील तर त्या सॉकेटला कोणतीही प्रोसेस धरून नाही, म्हणून ते संशयित. मग संशयितांच्या रांगांतून एकमेकांना मिळालेले आधार वजा करायचे. त्यानंतरही ज्याच्याकडे आधार उरतो त्याला कोणा जिवंत सॉकेटची रांग धरून आहे, म्हणून त्याला आणि त्याच्या रांगेतून पोहोचता येणाऱ्या सर्वांना यादीतून सोडवायचे. उरतील तो कचरा.

प्राध्यापक : मोजणी चालू असताना आकडे स्थिर राहिले तर. संदेश रांगेतून न काढता नुसता डोकावून पाहण्याची एक मुभा सॉकेटांना आहे, आणि संदेशात डिस्क्रिप्टर असला तर डोकावणाऱ्याच्या तक्त्यातही त्याची प्रत बसते. संकलकाने एखादे सॉकेट संशयित ठरवले आणि त्याच निमिषात दुसऱ्या धाग्याने, म्हणजे समांतर चालणाऱ्या थ्रेडने, डोकावून त्याची प्रत मिळवली, तर कचरा म्हणून रिकामी केली जाणारी रांग प्रत्यक्षात कोणीतरी वाचत असते. मुक्त केलेल्या स्मृतीचा वापर होतो आणि हल्लेखोराला कर्नेलमध्ये शिरण्याची फट मिळते. सीव्हीई-२०२१-०९२० या क्रमांकाने नोंदलेला हा दोष अँड्रॉइड फोनांवरील प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला गेला. २०१६ मध्ये एका कर्नेल-विकसकाने त्याकडे लक्ष वेधलेही होते. दुरुस्ती झाली ती २०२१ मध्ये. एक अंक एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात नेण्याची ही किंमत आहे.

अभियंता : किंमत मोठी आहे, यात वाद नाही. तरी तो संकलक आता तसा राहिलेला नाही. २०२४ मध्ये कुनियुकी इवाशिमा यांनी तो नव्याने लिहिला आणि ६.१० या आवृत्तीत तो आला. त्यात सॉकेटे हे बिंदू आणि वाटेतले डिस्क्रिप्टर ही त्यांना जोडणारी बाणरेषा असा आलेख मांडून रॉबर्ट टार्जन यांच्या १९७२ च्या रीतीने परस्परांत गुंतलेले गट शोधले जातात, आणि ज्या गटाला बाहेरून एकही आधार नाही तो गट मोकळा केला जातो. चक्राची शक्यता नसेल तर पुढचा खटाटोप टळतो. आता सर, सोय नसती तर काय झाले असते तेही मोजू या. जाळ्यावरून येणाऱ्या विनंत्या वाटून देणाऱ्या एचएप्रॉक्सीची नवी आवृत्ती चढवताना जुनी प्रोसेस आपले ऐकणारे सॉकेट बंद करी, आणि जोडले गेलेले पण अजून हाती न घेतलेले ग्राहक त्या सॉकेटच्या रांगेतच तुटत. नव्या प्रोसेसने त्याच पोर्टवर स्वतःचे दुसरे सॉकेट उघडले तरी जुन्या रांगेतले ग्राहक वाचत नसत. २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून जुनी प्रोसेस ते सॉकेटच युनिक्स सॉकेटवरून नवीकडे सोपवते. रांग तीच, ग्राहक तेच, राखणारी प्रोसेस तेवढी बदललेली. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये आपल्या सर्व्हरांसाठी वर्णिलेला मार्गही हाच आहे. असे सॉकेट नावाने पुन्हा उघडता येत नाही, कारण त्याचे नाव म्हणजे पोर्टचा क्रमांक, आणि रांग त्या क्रमांकाची नसून सॉकेटची असते.

प्राध्यापक : बेल लॅब्जच्याच मंडळींनी युनिक्सनंतर घडवलेल्या प्लॅन ९ मध्ये काय केले ते पाहण्यासारखे आहे. तेथे प्रोसेस आपला डिस्क्रिप्टर ‘एसआरव्ही’ या डिरेक्टरीत एका नावाने टांगून ठेवते. ज्याला हवा तो ते नाव उघडतो आणि त्याला तोच ताबा मिळतो. टांगलेले डिस्क्रिप्टर यादीत दिसतात, त्यांच्यावर परवानग्या लावता येतात आणि टांगलेले नाव पुसताही येते. अदृश्य रांग नाही. ताबा आणि नाव यांत निवड करावीच लागते असे नाही, हे त्यांनी दाखवले.

अभियंता : नाव टांगले की ते कोण उघडेल हा प्रश्न परत आला, आणि हार्डी यांचा ग्राहक परत दारात उभा राहिला. सॉकेटवरून दिलेला डिस्क्रिप्टर ज्याला दिला त्यालाच मिळतो. मागण्याचा मार्ग वेगळा असतो हेही लिनक्सने ओळखले आहे. २०२० च्या ५.६ आवृत्तीत दुसऱ्या प्रोसेसच्या तक्त्यातून डिस्क्रिप्टर आपणहून काढून घेण्याची सोय आली, पण त्यासाठी त्या प्रोसेसला डीबगरप्रमाणे ताब्यात घेण्याइतका अधिकार असावा लागतो. देणाऱ्याच्या संमतीला याहून स्पष्ट मान्यता कोणती असेल?

प्राध्यापक : देणाऱ्याच्या संमतीला मान्यता आहे, घेणाऱ्याच्या नाही. सॉकेटवर वाचायला बसलेल्या प्रोसेसने नियंत्रण-मजकुरासाठी जागा ठेवली असेल, तर कोणीही तिला एका संदेशात २५३ पर्यंत डिस्क्रिप्टर पाठवू शकतो. ते काय आहेत हे तिला ते हाती आल्यावरच कळते. त्यात एखाद्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर असेल आणि घेणारी ‘सीएचरूट’च्या कुंपणात, म्हणजे फाइलप्रणालीच्या एका कोपऱ्यात कोंडलेली असेल, तर त्या डिस्क्रिप्टरवरून पाऊल टाकून ती कुंपणाबाहेर जाऊ शकते.

अभियंता : घेणाऱ्याच्या बाबतीतला हा आक्षेप मान्य करावाच लागेल. त्यावर कर्नेलने दिलेली मदत तोकडी आहे. जागा कमी पडली तर जादा डिस्क्रिप्टर कर्नेल बंद करते आणि संदेश छाटला गेल्याची खूण लावते, पण ती खूण तपासायचे अनेक जण विसरतात. मिळालेला डिस्क्रिप्टर पुढे चालवल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती नकळत जाऊ नये म्हणून घेतानाच तशी खूण लावण्याचा पर्यायही २००७ पासून आहे. तो आपोआप लागू होत नाही, लिहावा लागतो.

हे बोलणे ऐकताना लक्षात येते की दोघांचा वाद हस्तांतर असावे की नसावे, या प्रश्नावरून केव्हाच पुढे सरकला आहे. प्राध्यापकांनी दाखवलेल्या दोषांपैकी सर्वांत घातक दोष, म्हणजे चक्रांचा आणि संकलकाचा, फाइल, पाइप, टर्मिनल किंवा ऐकणारे टीसीपी सॉकेट पाठवण्यातून उद्भवत नाही. ज्या वस्तू स्वतःच इतर डिस्क्रिप्टर पोटात बाळगू शकतात, त्याच पाठवल्या गेल्या तर चक्र होते. म्हणजे मुख्यतः युनिक्स सॉकेटे. ओपनएसएसएच, एचएप्रॉक्सी आणि वेलँडची सामाईक स्मृती या संवादातील तिन्ही उदाहरणांत तशी वस्तू एकही नाही. बर्कलीच्या रचनाकारांनी डिस्क्रिप्टर तो डिस्क्रिप्टर, त्यात भेद करू नये, हा युनिक्सचा आवडता नियम येथेही लावला आणि त्या एकसारखेपणाची किंमत चाळीस वर्षे कर्नेलने मोजली. प्रस्तुत लेखकाच्या मते चूक येथे झाली. सोय देण्यात झाली नाही.

या निष्कर्षाला अलीकडच्या एका निर्णयाचा आधार आहे. २०१९ मध्ये आलेल्या ‘आयओ युरिंग’ या जलद वाचन-लेखनाच्या यंत्रणेचा डिस्क्रिप्टरही इतर डिस्क्रिप्टर आपल्यापाशी नोंदवून ठेवू शकतो, त्यामुळे तो युनिक्स सॉकेटवरून पाठवला की नव्या जातीची चक्रे होऊ लागली आणि २०२२ मध्ये त्यातून एक गंभीर सुरक्षा-दोषही निघाला. यावर संकलक आणखी हुशार करण्याऐवजी डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सच्या विकसकांनी असा डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून पाठवण्यासच मनाई केली आणि त्यासाठी लिहिलेले कोड नंतर काढून टाकले.

प्राध्यापक : मग हीच मनाई युनिक्स सॉकेटांनाही का लावू नये?

अभियंता : कारण क्रोमियमसारखे ब्राउझर आपल्या अनेक प्रोसेसमधील वाहिन्यांची टोके एकमेकींच्या वाहिन्यांतूनच पोहोचवतात, आणि तसे प्रोग्राम आज कोट्यवधी यंत्रांवर चालतात. वापरणाऱ्यांचे चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचा नियम आहे. नव्या यंत्रणेला मनाई करता आली, कारण ती नवी होती.

प्राध्यापकांनी यावर प्रतिवाद केला नाही आणि करण्यासारखा तो उरलाही नव्हता. १९८३ मध्ये दिलेली मुभा २०२४ मध्ये काढून घेता येत नाही, म्हणून लिनक्समध्ये युनिक्स सॉकेटांसाठी वेगळा कचरा-संकलक यापुढेही राहणार आहे. नवीन कार्यप्रणाली रचणाऱ्यांवर मात्र तसे बंधन नाही, आणि डिस्क्रिप्टर वाहून नेणारी वाहिनी स्वतः वाहून नेण्याजोगी असावी का, हे त्यांनी पहिल्याच आवृत्तीत ठरवावे.